कलम 22 च्या तळाशी असलेली टीप

भारतीय संविधानाची सरकारी प्रत हाती आली, की कलम 22 चं पान काढून बघा. तळाशी बारीक टायपात एक टीप आहे. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्ती अधिनियमाचं कलम 3 अमलात येईल तेव्हा या अनुच्छेदात त्याप्रमाणे बदल होईल, मजकूर परिशिष्टात पाहावा, असं ती सांगते. लोकसभा आणि राज्यसभेने विशेष बहुमताने मंजूर केलेली आणि 30 एप्रिल 1979 ला राष्ट्रपतींची संमती मिळालेली कलम 22 मधली ही दुरुस्ती आजही परिशिष्टातच आहे. घटनादुरुस्त्यांच्या इतिहासात घटनेची मूळ चौकट संसदेला बदलता येत नाही असं ठरवणाऱ्या केशवानंद खटल्याची चर्चा पुष्कळ होते आणि ती व्हायलाच हवी. पण नागरिकाला प्रत्यक्ष कोठडीतून वाचवणाऱ्या तरतुदींची गोष्ट या टीपेत आहे.

कलम 22 मध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. अटक झालेल्याला कारण सांगा, वकील भेटू द्या, 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा, हा पहिला भाग. प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला यातलं काही लागू नाही, हा दुसरा. अशा माणसावर खटला नसतो आणि त्याला शिक्षाही झालेली नसते. तो पुढे काही करील, एवढ्या अंदाजावर त्याला आत ठेवलेलं असतं. त्याच्यासाठी राखलेलं मुख्य संरक्षण म्हणजे तीन महिन्यांची मर्यादा आणि स्थानबद्धतेचं कारण तपासणारं सल्लागार मंडळ. मंडळाने पुरेसं कारण असल्याचा अहवाल दिल्याशिवाय तीन महिन्यांपलीकडे ठेवता येत नाही. अर्थात यालाही अपवाद करणारा कायदा संसद करू शकते, अशी पळवाट त्याच कलमात आहे.

हा तोडगा घटना समितीत सप्टेंबर 1949 मध्ये आला. कलम 21 मधून ‘योग्य कायदेशीर प्रक्रिये’ची हमी वगळून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढंच ठेवल्यावर बरीच टीका झाली होती. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी हे नवं कलम मांडलं. संविधान लागू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, फेब्रुवारी 1950 मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, पण न्यायालयाने कायदा जवळपास जसाच्या तसा उचलून धरला. पुढच्या पंचवीस वर्षांत कायद्यांची नावं बदलत गेली. 1971 मध्ये मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा राखण्याचा कायदा, आला.

25 जून 1975 च्या रात्री ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम 14, 21 आणि 22 खाली न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. येरवडा आणि नाशिक रोडचे तुरुंग मिसाबंदींनी भरले. अनेकांनी उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का ते तपासा असे, अर्ज केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी, असे अर्ज निदान ऐकून घेता येतील, असं ठरवलं. त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर काय उपाय? आणीबाणी आहे तोवर उपाय नाही, असं उत्तर ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी भर कोर्टात दिलं. 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. बहुमतात यशवंत विष्णु चंद्रचूड होते आणि विरोधात एकटे खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. (तो निकाल 2017 मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे यशवंतरावांच्याच मुलाने, स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवला.)

1976 च्याच शेवटी बेचाळिसावी दुरुस्ती आली. घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असं तिने लिहून ठेवलं. केंद्रीय कायद्यांची वैधता तपासण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकारही तिने काढून घेतला.

1977 मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं. कायदामंत्री शांतिभूषण यांच्यापुढे अडचण होती ती राज्यसभेची, कारण तिथे काँग्रेसचं बहुमत कायम होतं. त्यामुळे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या विधेयकातली काही कलमं गळाली. संविधानाच्या पायाभूत गोष्टी बदलायच्या तर जनमत घ्यावं, हे कलमही त्यांत गेलं. तरीही जे टिकलं ते मोठं आहे. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला आणि महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी घेणं बंधनकारक झालं. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी नोटीस दिली तर 14 दिवसांत खास बैठक बोलवावी लागते. सगळ्यात मोलाचं हे, की कलम 20 आणि 21 यापुढे कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येत नाहीत. निरेन डे यांचं ते उत्तर आज कायद्यात बसत नाही, ते याच दुरुस्तीमुळे.

त्याच अधिनियमाचं कलम 3 संविधानाच्या कलम 22 साठी होतं. तीन महिन्यांचे दोन करायचे. संसदेची ती पळवाट बुजवायची. आणि सल्लागार मंडळ संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं, ज्याचा अध्यक्ष कामावर असलेला न्यायाधीश आणि बाकीचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतील. आजच्या मजकुरात न्यायाधीश ‘होण्यास पात्र’ असलेली व्यक्तीही मंडळावर चालते, म्हणजे सरकारला निवड करायला भरपूर वाव राहतो.

अडलं ते एका वाक्यावर. वेगवेगळ्या तरतुदी केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या वेगवेगळ्या तारखांना अमलात येतील, असं अधिनियमाच्या पहिल्याच कलमात म्हटलं होतं. बहुतेक तरतुदी 20 जून आणि 1 ऑगस्ट 1979 ला लागू झाल्या, पण कलम 3 ची तारीख निघाली नाही. जुलैमध्ये मोरारजी देसाईंचं सरकार पडलं, पुढच्या वर्षी राष्ट्रीय सुरक्षा कायदा आधी अध्यादेशाच्या रूपात आला आणि त्या अध्यादेशाखाली धनबादचे खासदार ए. के. रॉय स्थानबद्ध झाले. कलम 3 लागू करण्याचा आदेश सरकारला द्यावा, अशीही मागणी त्यांच्या खटल्यात झाली. डिसेंबर 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती नाकारली. तारीख ठरवणं संसदेने सरकारवर सोपवलं आहे, त्यात न्यायालय आदेश देऊ शकत नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. न्या. गुप्ता आणि न्या. तुळजापूरकर यांचं मत वेगळं होतं. मला त्या दोघांचं म्हणणं पटतं. संसदेने घटनाच बदलली असताना ती कधी बदलायची, हे ठरवणं मंत्रालयाच्या मर्जीवर किती वर्षं ठेवायचं?

महाराष्ट्रात हा प्रश्न रोजच्या पेपरात असतो. ‘एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध, येरवड्यात रवानगी’ अशी दोन ओळींची बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. एमपीडीए म्हणजे झोपडपट्टीदादा, दारू आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्याचा कायदा. 1981 च्या या राज्य कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. तिथे स्थानबद्धाला वकील देण्याचा हक्क नाही. मंडळाचा अहवाल कायद्याने काही आठवड्यांतच यावा लागतो, त्यामुळे दोन महिने की तीन हा फरक तितका जाणवणार नाही. टेबलापलीकडे कोण बसलंय आणि त्यांना कोणी नेमलंय, हे मात्र त्या माणसाच्या दृष्टीने सगळं काही आहे. मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीची अट 1979 पासून लिहून तयार आहे. लागते ती राजपत्रातली एक अधिसूचना.