स्वॅब पॉझिटिव्ह, पण रुग्णाला संसर्ग आहे का?

परदेशी रुग्णालयातून आलेल्या रुग्णाच्या गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये एनडीएम (जिवाणूंना प्रबळ अँटिबायोटिक्सनाही दाद न देणारं बनवणारं जनुक) सापडलं की दोन चुका हमखास होतात. कुठे लगेच महागडी अँटिबायोटिक्स चढवतात, तर कुठे ‘ताप नाही ना, मग राहू दे जनरल वॉर्डात’. दोन्हींच्या मुळाशी कॉलोनायझेशन आणि संसर्ग यांची गल्लत आहे.

कॉलोनायझेशनमध्ये जिवाणू आतड्यात किंवा त्वचेवर नुसता मुक्काम करतो, कधीकधी कित्येक महिने. संसर्गात तो ऊतींत किंवा रक्तात शिरतो आणि ताप, पू, रक्तदाब घसरणं अशी लक्षणं दिसतात. औषध द्यायचं ते संसर्गाला. वेगळी खोली, स्वतंत्र शौचालय, हातमोजे आणि गाऊन मात्र दोन्हींत हवेत, कारण जंतू पसरवायला रुग्ण आजारी असावा लागत नाही.

एनडीएम-१ पहिल्यांदा ओळखलं गेलं ते २००८ साली भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात. त्याच्या लघवीत क्लेब्सिएला हा जिवाणू होता, शौचात ई. कोलाय हा दुसरा, जनुक दोघांत तेच. (एनडीएममधलं ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली, त्यावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला.) हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं, त्यामुळे एकाच जातीचा जिवाणू शोधत बसणं पुरत नाही.

स्वॅबवर शौच डोळ्यांना दिसलं पाहिजे. कोरडा स्वॅब खोटा निगेटिव्ह देतो. जिवाणूंची संख्या कमी असली तरी तपासणी चुकते, म्हणून जोखमीच्या रुग्णाला एका निगेटिव्हवर आयसोलेशनमधून बाहेर काढू नये.

सर्वांत जास्त फसवतो तो कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. लघवीच्या पिशवीतून नमुना कधीच घेऊ नये. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर बदलून नव्या नळीच्या पोर्टमधून घ्यावा. लक्षणं नसताना लघवीचं कल्चर (जिवाणू वाढवून पाहणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं तरी सहसा उपचार नकोत. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गातून शस्त्रक्रिया होणारे रुग्ण हे अपवाद. विनाकारण दिलेलं मेरोपेनेमसारखं प्रबळ अँटिबायोटिक आतड्यातले साधे जिवाणू मारतं आणि प्रतिरोधकांना मोकळं रान मिळतं.

खरा संसर्ग असेल तर जनुक कोणतं ते आधी कळायला हवं. सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम हे जोड-अँटिबायोटिक ओएक्सए-४८ या दुसऱ्या प्रतिरोधक जनुकावर चालतं. एनडीएमवर एकटं निकामी, तिथे अ‍ॅझट्रिओनाम या आणखी एका अँटिबायोटिकची जोड लागते.

पुढच्या रुग्णालयाच्या पत्रात नुसतं ‘एनडीएम पॉझिटिव्ह’ लिहू नये. नमुना कुठला, तारीख, जिवाणू, जनुक आणि ‘फक्त कॉलोनायझेशन, उपचार नाहीत’ हे स्पष्ट लिहावं.