राजा ख्रिस्ती, तक्तपोशी अरबी

इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात, राजवाड्यात 'काप्पेल्ला पालातिना' हे राजघराण्याचं चर्च आहे. भिंतींवर सोनेरी मोझेकमधले ख्रिस्त आणि संत. मान वर केली, की लाकडी छतावर दरबारच भरलेला. हातात पेला घेऊन मांडी घालून बसलेले राजे, वादक, नर्तकी, बुद्धिबळाचा डाव, उंट, सिंह. छतावरच्या तारकाकृतींच्या कडेने कूफी या जुन्या अरबी लिपीत शुभशब्द, त्यांतला 'बरकत' आपल्याही ओळखीचा. चर्चमध्ये हे पेले चालले कसे?

पालेर्मो 831 मध्ये अरबांकडे गेलं, 1072 मध्ये उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी घेतलं. रॉजर दुसरा 1130 मध्ये राजा झाला. गादी नवी, त्यामुळे थाट उसना. त्याच्या झग्यावर अरबी मजकूर आणि हिजरी 528 (इ.स. 1133-34) हे साल भरतकामात आहे, भूगोलकार अल-इद्रिसी त्याच्या दरबारी होता. 1140च्या दशकातलं हे छत त्याच थाटातलं. चित्रांची शैली कैरोच्या फातिमी खलिफांच्या दरबाराशी नातं सांगते.

बांधणी मुकर्नसची: एकावर एक पुढे झुकणारे लहान कोनाडे. सुतारांनी ते पातळ फळ्यांचे केले आणि वरच्या छपराला टांगले. भार छपरावर, शोभा कोनाड्यांची. 12व्या शतकातला धर्मोपदेशक फिलागाथोस याला ते चांदण्यांनी फुललेलं आकाश वाटलं.

13व्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसऱ्याने सिसिलीतल्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेराला हलवलं. पण 1377 ते 1380 मध्ये पालेर्मोच्याच स्तेरी वाड्याची तक्तपोशी रंगवली गेली, तेव्हा तुळयांवर सरदार, ट्रॉयची हेलन आणि बायबलच्या कथांसोबत अरबी वळणाची वेलबुट्टी होतीच.

स्पेनमध्ये हे काम अधिक मुरलं. सेव्हिलच्या अल्काझारमधला राजदूतांच्या दालनाचा लाकडी घुमट दिएगो रुईसने 1427 मध्ये चढवला. कोरीव तुळयांच्या सपाट छताला तिथे 'अल्फार्खे' म्हणतात, मूळ अरबी 'फर्श'. आपली फरशी त्याच शब्दातून आली. म्हणजे तिकडे तो डोक्यावर गेला, इकडे पायाखाली.

1609 ते 1614 या काळात स्पेनने मोरिस्कोंना, म्हणजे ख्रिस्ती व्हायला भाग पाडलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, हाकलून दिलं. 1633 मध्ये सेव्हिलचा सुतार दिएगो लोपेस दे आरेनास याने सुतारकामावर पुस्तक छापलं. त्यात तारकाजाळीची छतं कशी आखायची, तेच तो सांगतो.