टॉर्क आणि पॉवर: चढावर गाडी नेमकी कशाच्या जोरावर ओढते?

फाल्गुन लागला की घाटात पळस-पांगारा फुलतो, पहाटे अजून जॅकेट हवंसं वाटतं आणि पावसाळ्यातली धबधब्यांची गर्दीही नसते. होळी ते गुढीपाडवा हा दुचाकीवर हिंडायचा उत्तम काळ. पाडव्याला गाडी घरी आणायची म्हणून याच दिवसांत शोरूमच्या चकरा होतात, ट्रायल मारल्या जातात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "पिकअप कसा आहे?" या एका शब्दात टॉर्क आणि पॉवर या दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहिल्या नाहीत तर चांगली गाडीही चुकीची वाटते, आणि चुकीची गाडी शोरूमबाहेरच्या अर्ध्या किलोमीटरवर आवडून जाते.

दोन गाड्या शेजारी उभ्या करू. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350: 349 सीसी, 4000 आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला 4000 फेऱ्यांना) 27 न्यूटन-मीटर टॉर्क, 6100 आरपीएमला 20.2 बीएचपी पॉवर. दुसरी केटीएमची 250 ड्यूक, 2023 मध्ये आलेली: 249 सीसी, 7250 आरपीएमला 25 न्यूटन-मीटर, 9250 आरपीएमला 31 पीएस. (पीएस आणि बीएचपी ही पॉवर मोजायची दोन मापं जवळपास सारखीच, 1 बीएचपी म्हणजे 1.014 पीएस. या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही.) ड्यूकचा टॉर्क कमी, पण पॉवर दीडपट. त्यावरून "क्लासिक चढाला, ड्यूक स्पीडला" असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. तो अर्धाच खरा आहे.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. एक फूट लांबीचा पाना नटाला आडवा लावा आणि त्याच्या टोकाला 9 किलोचं वजन टांगा. त्या नटावर साधारण 27 न्यूटन-मीटर टॉर्क येतो, म्हणजे क्लासिकच्या ब्रोशरमधला आकडा. आता नट गंजलेला असेल आणि हललाच नाही, तरी टॉर्क आहेच, पण काम शून्य. नट फिरायला लागला की काम सुरू होतं, आणि तेवढ्याच जोराने तो जितका भराभर फिरेल तितकी पॉवर जास्त. हिशोब सोपा आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले 9549, उत्तर किलोवॉटमध्ये.

हा हिशोब उलटा करून पाहिला की खरी गोष्ट दिसते. क्लासिक 6100 आरपीएमला जेव्हा पूर्ण पॉवर देते, तेव्हा तिचा टॉर्क 27 वरून साडेतेवीसच्या आसपास उतरलेला असतो. ड्यूक 9250 ला 31 पीएस देते तेव्हा तिचा टॉर्कही साडेतेवीसच्याच आसपास असतो. म्हणजे आपापल्या कमाल पॉवरच्या बिंदूला दोन्ही इंजिनं सारख्याच जोराने पिळतात. ड्यूक तोच जोर मिनिटाला तीन हजारांहून जास्त वेळा अधिक फिरवते, एवढाच फरक. म्हणून ब्रोशर वाचताना टॉर्कच्या आकड्याइतकंच त्याच्यापुढे छापलेल्या आरपीएमकडे बघायला हवं. 27 आणि 25 मधला फरक रस्त्यावर क्वचितच जाणवेल. 4000 आणि 7250 मधला फरक मात्र प्रत्येक वळणावर जाणवतो.

क्लासिकचं इंजिन 9000 ला का फिरत नाही? दोन्ही गाड्यांच्या पिस्टनचा व्यास 72 मिलिमीटरच आहे. क्लासिकचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली होण्याचा पल्ला, 85.8 मिलिमीटर, ड्यूकचा सुमारे 61. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली जातो, एकदा वर येतो, म्हणून 6100 आरपीएमला क्लासिकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसतरा मीटर होतो. ड्यूकचा 9250 ला सुमारे 19 मीटर. पिस्टनच्या दृष्टीने दोघींची धावपळ जवळजवळ सारखी. क्लासिकला 9250 ला फिरवायचं म्हटलं तर हाच वेग साडेसव्वीस मीटरच्या घरात जाईल. तेवढा ताण सोसायला हे इंजिन बनवलेलंच नाही. शिवाय तिच्या सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) आहेत, ड्यूकला चार. आरपीएम वाढला की दोन व्हॉल्व्हमधून पुरेशी हवा आत येत नाही आणि टॉर्क उतरायला लागतो.

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे: लांब स्ट्रोक म्हणजे जास्त टॉर्क. टॉर्क मुख्यतः इंजिनाच्या आकारावर आणि सिलिंडर किती चांगला भरतो यावर ठरतो. क्लासिक 100 सीसीने मोठी असूनही टॉर्क फक्त 2 न्यूटन-मीटरने जास्त आहे. दर सीसीचा हिशोब केला तर ड्यूकच पुढे आहे. क्लासिकचं इंजिन ट्यून केलंय ते खालच्या आरपीएमला भरपूर ओढण्यासाठी, आणि तिचं मोल त्यातच आहे. तसंच, क्लच सोडताना क्लासिक बंद पडत नाही, संथ चालीने निघते, त्याला लोक "टॉर्क" म्हणतात. त्यात मोठा वाटा जड फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चाकाचा असतो. फिरत्या लोखंडात साठलेली ताकद पहिल्या क्षणाला इंजिनाला सांभाळून घेते. लांब चढावर ती साठवण कामाला येत नाही, तिथे इंजिनानेच ओढावं लागतं.

आता चढाचा हिशोब. वरंधा किंवा ताम्हिणीसारख्या घाटात दर 15 मीटरला 1 मीटर चढणारा टप्पा धरू. क्लासिक 195 किलोची, वर डबलसीट मिळून 140 किलो, एकूण 335 किलो. ताशी 40 किलोमीटरने हे वजन नुसतं वर चढवायला सुमारे अडीच किलोवॉट लागतात, 60 च्या वेगाला साडेतीनच्या थोडे वर. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध वेगळा. क्लासिककडे एकूण 15 किलोवॉट आहेत, ड्यूककडे 22 हून जास्त. म्हणजे चढायला पॉवर दोघींकडे भरपूर आहे. त्या क्षणी, त्या गिअरला, त्या आरपीएमला त्यातली किती हाताशी आहे, हा खरा प्रश्न.

मागच्या चाकावर पोचणारा जोर इंजिनाचा नसतो, गिअरने वाढवलेला असतो. समजा दोन गाड्या ताशी 60 ने चालल्या आहेत. एकीचं इंजिन 3000 आरपीएमला 25 न्यूटन-मीटर देतंय, दुसरीचं 5000 ला 20. पहिलीची पॉवर 7.9 किलोवॉट, दुसरीची 10.5. रस्त्याचा वेग सारखाच असल्यामुळे चाकाला पुढे ढकलणारा जोरही दुसरीचाच जास्त, इंजिनाचा टॉर्क कमी असूनही. म्हणून चढावर ड्यूक "ओढत नाही" असं वाटलं तर बहुतेक वेळा दोष गाडीचा नसून वरच्या गिअरचा असतो. एक-दोन गिअर खाली टाकले की तीच गाडी क्लासिकला सहज मागे टाकते. याउलट क्लासिकवर तोच चढ गिअर न बदलता, न घाई करता पार होतो. कोणाला सतत गिअर खेळवायला आवडतं, कोणाला नाही. निवड त्यावर करावी.

सवय बदलत नाही तिथे गाड्या बिघडतात. क्लासिकची सवय असलेला माणूस ड्यूक चौथ्या गिअरला 35 च्या वेगाने चढावर घालतो. इंजिन झटके खातं, साखळी खडखडते, मग तो हाफ क्लच करून गाडी ओढत राहतो. दहा मिनिटांत क्लच प्लेटचा जळका वास येतो. ड्यूकची सवय असलेला क्लासिकवर बसला की अॅक्सिलरेटर पिळतच राहतो. 6100 च्या पुढे पॉवर वाढत नाही, फक्त आवाज, थरथर आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. क्लासिकला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे कानावरच भरवसा. आवाज चढतोय पण वेग वाढत नाही असं वाटलं की वरचा गिअर टाकावा. गिअर बदलूनही तसंच होत असेल तर टॉर्कचा विचार सोडून क्लच घसरतोय का ते आधी बघावं.

ट्रायल घेताना शोरूमच्या सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरला पिळून काही कळत नाही. टायरमधली हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का ते पाहा, इंजिन पाच मिनिटं चालवून गरम होऊ द्या. मग तिसऱ्या गिअरला ताशी 30 वर स्थिर चालवा, अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण उघडा आणि 60 गाठायला किती सेकंद लागतात ते मनात मोजा. ही झाली खालच्या आरपीएमच्या टॉर्कची परीक्षा. मग हीच चाचणी दुसऱ्या गिअरला. तिथे पॉवर दिसते. रोज डबलसीट जायचं असेल तर दोन्ही चाचण्या मागे माणूस बसवूनच करा, कारण 65 किलो वाढल्यावर दोन गाड्यांमधला फरक सरळ उघडा पडतो. जवळ उड्डाणपूल असेल तर चढाचा भाग तिथेच तपासता येतो. विजेच्या गाड्यांचे आकडे या तुलनेत आणू नका. मोटर शून्यापासूनच टॉर्क देते, आणि काही ठिकाणी चाकावरचा टॉर्क छापलेला असतो, जो गिअरिंगमुळे कितीतरी मोठा दिसतो.

महाबळेश्वरला गेल्यावर गाडी थोडी मंद वाटते, तेही खरंच आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे 1370 मीटरवर आहे, हवा दहा-बारा टक्के विरळ. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेली हवा आणू शकत नाही. टॉर्क आणि पॉवर दोन्ही जवळपास तेवढ्याच प्रमाणात घटतात.

या दिवसांत महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना वळणाच्या आतल्या कडेला वाळक्या पानांचा थर साचलेला असतो. खालच्या गिअरला चाकावरचा टॉर्क सगळ्यात जास्त, आणि पानांवर टायरची पकड सगळ्यात कमी. दुसऱ्या गिअरला वळणातून निघताना अॅक्सिलरेटर झटक्यात उघडला की मागचं चाक सुटतं. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ नये यासाठी आहे, अॅक्सिलरेटरमुळे सुटलेलं चाक ते सावरत नाही. पानं संपून डांबर दिसेपर्यंत हात तसाच धरावा, मग हळू उघडावा. आणि उतारावर न्यूट्रल कधीच नको. जो चढ ज्या गिअरला चढला असता, तो उतार त्याच गिअरला उतरावा, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरतं आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक तापत नाहीत.