दारावरचा कॅमेरा आणि समोरचं घर

फ्लॅटला कॅमेरा घेताना बहुतेक ग्राहक तो चौकटीच्या बरोबर वर, समोर तोंड करून लावायला सांगतात. सहा फुटांच्या पॅसेजमध्ये २.८ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स समोरच्या भिंतीवरचा जवळजवळ १४ फुटांचा पट्टा टिपते. शेजाऱ्यांचं दार उघडलं की त्यांचा सोफा, आत वावरणारी माणसं, सगळं तुमच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्यात, साठत जातं. त्यावर त्यांनी तक्रार केली तर ती रास्तच आहे.

यात तुमचंही नुकसान होतं. रात्री इन्फ्रारेडचा उजेड समोरच्या पांढऱ्या सेफ्टी डोअरवरून परत येतो, कॅमेरा चित्र काळवंडवतो आणि बेल वाजवणाऱ्याचा चेहराच ओळखू येत नाही.

म्हणून आधी कोन. दाराच्या एका बाजूला दीड-दोन फूट सोडून, साडेसात फूट उंचीवर डोम (घुमटाच्या आकाराचा कॅमेरा) लावा आणि लेन्स तिरकी, खाली आपल्याच पायपुसण्याकडे वळवा. त्याला ४ मिमीची, जरा अरुंद दृश्य घेणारी लेन्स पुरते. येणाऱ्याचा चेहरा बाजूने नीट मिळतो. व्हिडिओ डोअरबेल असेल तर तिच्या मागे तिरका ब्रॅकेट लावून घ्या. ती छातीच्या उंचीवर असल्याने थेट समोरच्या घरात बघते. फिरता वाय-फाय कॅमेरा पॅसेजमध्ये नकोच. तो या क्षणी कुठे बघतोय हे शेजाऱ्यांना कधीच कळत नाही, आणि खरी अस्वस्थता तिथेच असते.

कोन बदलूनही शेजारचं दार दिसत असेल तर प्रायव्हसी मास्क लावा, म्हणजे सेटिंगमधून चित्राचा तेवढा भाग झाकून टाका. इथे एक चूक सर्रास होते: मोशन डिटेक्शनमधून (हालचाल दिसली की सूचना देणारी सोय) तो भाग वगळला की काम झालं असं वाटतं. त्याने फक्त नोटिफिकेशन थांबतं, चित्रण चालूच राहतं. मास्क लावल्यावर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग परत चालवून बघा. तिथेही तो चौकोन काळा दिसला पाहिजे. चित्र फ्लिप केलं, कॅमेरा हलला किंवा रीसेट झाला की पुन्हा तपासा.

माइक बंद ठेवा. पॅसेजमध्ये लोक घरगुती बोलतात. रेकॉर्डिंगही गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवू नका. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) दिवसाला सुमारे २२ जीबी घेतो; चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क साधारण ११ दिवस पुरते. एवढं घरासाठी पुष्कळ झालं.

पॅसेज आणि जिना सामाईक असतात, तेव्हा भिंतीला ड्रिल लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. एकाच वास्तूत राहणाऱ्यांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सहनिवासींच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवण्यास मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. बेडरूम-बाथरूमचा मामला वेगळा आणि गंभीर आहे: संमतीविना कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं चित्रण केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. स्त्रीचं खासगी क्षणी चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. अशा वेळी सोसायटीत वेळ न घालवता थेट पोलीस ठाण्यात जा.

शेजाऱ्यांचे फुटेज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. चोरीचा प्रकार असेल तर पेनड्राइव्हवर काढून पोलिसांना द्या, मूळ रेकॉर्डिंग पुसलं जाऊ देऊ नका.

आणि कॅमेरा शेजाऱ्यांचा, त्यात दिसणारं दार तुमचं असेल तर? वायर कापू नका, लेन्सवर टेप लावू नका; नुकसानीची तक्रार उलट तुमच्यावरच येते. आधी त्यांना मोबाइलवर चित्र दाखवायला सांगा. पुष्कळदा त्यात तुमचं दार येतच नाही. येत असेल आणि ते ऐकत नसतील तर आपल्या दारातून तारखेसह फोटो काढा, सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात मागणी नेमकी लिहा: कोन बदला, मास्क लावा, माइक बंद करा आणि बदलानंतरच्या चित्राची प्रिंट द्या.