पार्श्वभूमी : पंचगंगेचं पाणी जिथे समुद्राला मिळतं

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पूर ओसरला की दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येतं : एवढं पाणी समुद्रात वाया गेलं. ते पाणी पोहोचतं कुठे, आणि तिथे त्याचं काय होतं, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी होत नाही.

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथून कर्नाटक, तेलंगणा ओलांडून आंध्रात, विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजखाली कृष्णेला फाटे फुटतात आणि हंसलदीवीच्या परिसरात ती बंगालच्या उपसागराला मिळते. गोडं आणि खारं पाणी एकमेकांत मिसळणारा हा मुखाचा प्रदेश म्हणजे कांदळवनांचा, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचा मुलूख. 1989 मध्ये त्यातल्या सुमारे 195 चौरस किलोमीटरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. खेकडे आणि कोळंबीवर पोट असलेले मच्छीमार आणि यानादी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतात. 19 नोव्हेंबर 1977 च्या चक्रीवादळात समुद्र याच भागात, दिवी तालुक्यात घुसला. किमान 10000 माणसं गेली. किनाऱ्यावर झाडांची भिंत हवी, हे या भागाला कोणी वेगळं पटवून द्यायची गरज उरली नाही.

तरीही कांदळवन विरळ होत गेलं. वाळलेले, खारट, रिकामे पट्टे वाढत होते आणि दोष जात होता सरपण तोडणाऱ्या बायकांवर आणि चरणाऱ्या म्हशींवर. खरं कारण तमिळनाडूतल्या पिचावरमच्या खाडीत सापडलं. चेन्नईच्या एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या उजाड जमिनीची पातळी आणि मातीतला खार मोजला. इंग्रजांच्या काळापासून वनखातं कूप, म्हणजे तोडीचे पट्टे पाडून कांदळवन सरसकट तोडत आलं होतं. झाडं गेली की चिखल उन्हात उघडा पडतो, त्यातलं पाणी उडून जातं आणि जमीन खचून मधोमध खोलगट होते. भरतीचं पाणी त्या खोलगट भागात शिरतं, पण ओहोटीला बाहेर पडत नाही. ते तिथेच आटतं आणि मातीतला खार समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी वर जातो. अशा जमिनीत तिवर या कांदळवनातल्या झाडाचं रोपही तग धरत नाही. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. जंगल कोणी संपवलं, या प्रश्नाचं उत्तर त्याने गरिबाच्या कोयत्याकडून काढून तोडीच्या सरकारी आराखड्यावर नेऊन ठेवलं.

कारण कळल्यावर उपायही पाण्याच्याच वाटेने गेला. उजाड पट्ट्याच्या मधून एक मुख्य कालवा काढून तो नैसर्गिक खाडीला जोडायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी तिरपे चर खणायचे. वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखी रचना दिसते. दिवसातून दोनदा भरती आत येते, ओहोटी खार घेऊन बाहेर पडते आणि पावसाळा उरलेलं धुऊन काढतो. मग चरांच्या उतारावर तिवराची रोपं लावायची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून हीच पद्धत कृष्णा आणि गोदावरीच्या मुखाशी वापरली गेली. नुसती रोपं लावण्याच्या मोहिमा अनेक निघाल्या, पण आधी पाणी खेळतं करणाऱ्यांचीच झाडं जगली.

खणायला आणि राखायला गावं पुढे आली. त्यांच्या समित्या आणि वनखातं मिळून कांदळवन सांभाळायचं, अशी संयुक्त व्यवस्था झाली. कुठे चराई बंद, कुठून सरपण घ्यायचं, चरातले मासे कोणी धरायचे, हे गावकऱ्यांशी बसून ठरलं. याच काळात कोळंबीचे तलाव किनाऱ्यावर झपाट्याने पसरत होते. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातल्या अशा व्यापारी तलावांविरुद्ध निकाल दिला, तरी त्यांचा रेटा संपला नाही.

आता आपल्याकडचा भाग. मुखाला भरती लागते तसं वरून येणारं गोडं पाणी आणि गाळही लागतो. विजयवाड्याला कृष्णेवर पहिला मोठा बंधारा 1855 मध्ये पुरा झाला. नंतर नागार्जुनसागर, श्रीशैलम, अलमट्टी आले. आपली राधानगरी, कोयना ही धरणंही त्याच खोऱ्यातली. 1960 पूर्वी कृष्णेतून वर्षाला सरासरी 50 अब्ज घनमीटरांहून जास्त पाणी समुद्राला मिळत होतं, म्हणजे 8.36 टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) राधानगरी 200 वेळा रिकामी करावी इतकं. 2001 ते 2004 च्या दुष्काळी वर्षांत ते जवळपास शून्यावर आलं. गाळाचं तर त्याहून गंभीर. 1960 च्या दशकाअखेर कृष्णा वर्षाला 90 लाख टन गाळ आणत होती. 2000 नंतर तो 4 लाख टनांपर्यंत घसरला. आंध्र विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं ताडून दाखवलं, की 1965 ते 2008 दरम्यान कृष्णा आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशांचा मिळून 76 चौरस किलोमीटर किनारा समुद्राने खाल्ला. नव्याने लावलेली तिवरं अशा मागे सरकणाऱ्या किनाऱ्यावर उभी आहेत.

राधानगरीबद्दल कोल्हापूरकराने अपराधी वाटून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. शाहू महाराजांच्या त्या कामाने हा जिल्हा उभा केला. पण पाणीवाटपाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 1973 मध्ये 2060 टीएमसी वाटलं : महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. बेरीज करून पाहा. खाडीसाठी काहीही उरत नाही. ब्रिजेशकुमार लवादाने 2010 च्या निवाड्यात नदीच्या किमान प्रवाहासाठी थोडं पाणी राखलं, परंतु तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे राजपत्रात प्रसिद्ध झालेला नाही. कोल्हापूर-सांगलीच्या पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या योजनेवर बोलणं सुरू आहे. दुष्काळी भागाची तहान खरी आहे आणि आपल्या पुराचा त्रासही खरा आहे. त्या चर्चेत हंसलदीवीचे मच्छीमार मात्र कुठल्याच बैठकीला नसतात, आणि कृष्णेच्या मुखाशी सोर्लागोंडीच्या बाजूची नवी तिवरं किती गोड्या पाण्यावर तगतील, हा प्रश्न अजून कोणत्याच राज्याच्या वाट्यात बसवलेला नाही.