सेरेंगेटी सफारी : ऋतुमानानुसार नियोजन

टांझानियाच्या उत्तर भागातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान पर्यटकांना बाराही महिने खुले असते, पण तिथले वाइल्डबीस्ट (गाईसारख्या तोंडाचे मोठे कुरंग) आणि झेब्रे यांचे मोठे कळप बाराही महिने एका जागी नसतात, ते चाऱ्यापाण्यामागे स्थलांतर करतात. म्हणून येथील सफारी आखताना महिना आणि मुक्कामाची जागा यांचा मेळ घालावा लागतो. ‘सेरेंगेटीला कधी जावे?’ हा नेहमीचा प्रश्न अर्धाच आहे. ‘त्या महिन्यात कुठे राहावे?’ हा त्याचा महत्त्वाचा अर्धा भाग. ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या माळावर किंवा फेब्रुवारीत उत्तरेच्या मारा नदीकाठी मुक्काम ठोकणाऱ्याला निसर्ग सुंदर दिसेल, मोठे कळप मात्र दिसणार नाहीत.

उद्यानाची स्थापना १९५१ साली झाली. क्षेत्रफळ १४,७६३ चौ. किमी., म्हणजे पुणे जिल्ह्याहून थोडे कमी. १९८१ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आग्नेयेला न्गोरोन्गोरो संरक्षित क्षेत्र आहे. ते १९५९ मध्ये उद्यानापासून वेगळे करण्यात आले. उत्तरेला केनियाचे मसाई मारा राखीव क्षेत्र लागते. कळपांची वर्षभराची वाट या तिन्हींतून जाते.

पाऊस, माती आणि गवत

हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस एक ते तीन अंशांच्या दरम्यान आहे. दिवसाची लांबी वर्षभर जवळपास सारखीच राहते आणि तापमानातही मोठे चढउतार होत नाहीत. ऋतू ठरतात ते पावसावरून. मार्च ते मे हा मोठा पावसाळा (स्वाहिलीत ‘मासिका’), नोव्हेंबर-डिसेंबरचा धाकटा (‘वुली’). जून ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो. जानेवारी-फेब्रुवारीत दोन पावसांमधली उघडीप मिळते, पण ती पूर्ण कोरडी नसते. दुपारी एखादी सर येऊन जाते.

पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही आणि सगळ्या स्थलांतराची किल्ली इथेच आहे. आग्नेयेच्या माळावर वर्षाला जेमतेम ५०० मिमी. पाऊस होतो, वायव्येकडे जाताना तो दुपटीच्याही वर जातो. पावसाच्या हिशेबाने कळपांनी कायम उत्तरेतच राहायला हवे. पण आग्नेयेचा माळ ज्वालामुखीच्या राखेचा आहे. राखेखाली कठीण थर असल्याने तिथे झाडे रुजत नाहीत. आखूड गवत मात्र कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असते. दूध पाजणाऱ्या माद्यांना असाच चारा लागतो. पाऊस पडला की कळप या माळावर उतरतात. पुढे तळी आटतात, उरलेले पाणी खारट होत जाते आणि कळप पश्चिमेकडे व उत्तरेकडे निघतात.

या कळपांत सुमारे १३ लाख वाइल्डबीस्ट, दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि काही लाख थॉमसन गझेल (लहान कुरंग) असतात. झेब्रे उंच, जाड गवत खातात, त्यामागून येणारे वाइल्डबीस्ट खालची पाती कुरतडतात. वाइल्डबीस्टचा हा आकडा पूर्वापार इतकाच होता असे समजू नये. १८९० च्या दशकात बुळकांडी रोगाने पूर्व आफ्रिकेतील गुरे आणि रानातले खुरवाले प्राणी एकाच सपाट्यात नेले. आसपासच्या गुरांना लस टोचली जाऊ लागल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वन्य प्राण्यांतलाही रोग हटला आणि १९६० च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाअखेर १३ लाखांवर पोहोचले. आज पर्यटक जी गर्दी पाहायला जातो, ती एका अर्थाने गुरांच्या लसीकरणाची देणगी आहे.

डिसेंबर ते मार्च : दक्षिण

धाकटा पाऊस झाला की कळप न्दुतू तलावाच्या भोवतालच्या माळावर जमतात. न्दुतूचा बराच भाग उद्यानात नसून न्गोरोन्गोरो संरक्षित क्षेत्रात येतो. तिथले शुल्क व नियम वेगळे, हे आधीच हिशेबात धरावे. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विण्याचा हंगाम असतो आणि त्यातही बहुतेक पिल्ले फेब्रुवारीतल्या दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. इतकी पिल्ले एकाच वेळी आल्यावर सिंह, तरस आणि चित्ते मिळून खाऊन खाऊन खाणार किती? बाकीची वाचतात.

पिल्लू जमिनीवर पडते ते ओलेचिंब, तपकिरी. पाय चार दिशांना फाकतात, एकदा-दोनदा तोंडावर आपटते, आणि दहा मिनिटांच्या आत आईच्या पोटाशी लागून धावू लागते. आखूड गवतात आडोसा नसल्याने हे सगळे, आणि त्यानंतरची चित्त्याची धावही, गाडीतून स्वच्छ दिसते. शिकार पाहायची असेल तर कळप नदी ओलांडतात त्या काळापेक्षा हा काळ अधिक भरवशाचा, असे या नोंदीचे मत आहे.

एप्रिल ते जून : मासिका आणि पश्चिम पट्टा

एप्रिल हा सर्वांत ओला महिना. अनेक तंबूशिबिरे एप्रिल-मेमध्ये बंद ठेवली जातात आणि चालू असलेल्यांचे दर उतरतात. पश्चिम पट्ट्यात काळी माती आहे, विदर्भातल्या कापसाच्या जमिनीच्या जातीची. एक जोरदार सर पडली की चारही चाकांना जोर देणारी लँड क्रूझरसुद्धा जागच्या जागी रुतते. गवत वाढलेले असते, पाणी जागोजाग असते, त्यामुळे प्राणी पांगतात. याच्या बदल्यात स्वच्छ हवा, ढगांनी भरलेले आकाश, पक्ष्यांची विणीची पिसे आणि रिकामे रस्ते मिळतात. मे-जूनमध्ये कळप लांबच लांब रांगा करून उद्यानाच्या मध्यावरच्या सेरोनेराच्या बाजूने पश्चिमेच्या ग्रुमेती नदीकडे सरकतात. हाच वाइल्डबीस्टचा माजाचा काळ. नरांचे घुरघुरणे रात्रभर चालू असते.

या भागात आणि सर्वच झाडीत त्सेत्से माशी त्रास देते. ती कपड्यावरूनही चावते आणि गडद निळ्या-काळ्या रंगाकडे ओढली जाते. रस्त्याकडेच्या झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे तुकडे टांगलेले दिसतात, ते तिच्यासाठी लावलेले सापळे. पर्यटकाने जीन्स घरीच ठेवून खाकी किंवा मातकट कपडे घ्यावेत.

जुलै ते ऑक्टोबर : उत्तर

या महिन्यांत कळप उत्तरेत, कोगातेंदे व लामाई भागात आणि सीमेपलीकडे मसाई मारात असतात. मारा ही येथील बारमाही नदी. कळप ती एकदाच ओलांडून जातात असा समज आहे, तो चुकीचा. जिकडे सर पडेल तिकडे ते जातात आणि हंगामात पुन्हापुन्हा इकडून तिकडे होतात. त्यामुळे अमुक तारखेला ‘क्रॉसिंग’ दाखवतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. हजारो प्राणी धूळ उडवत काठावर येतात, पुढचे पाण्यापर्यंत उतरतात, थबकतात, आणि एखाद्या झेब्र्याने मान वळवली की सगळा कळप मागे फिरतो. असे दिवसभर चालू शकते. चांगले वाटाडे पहिला प्राणी पाण्यात उतरेपर्यंत गाडी काठापासून दूर ठेवतात. घाई करणाऱ्यांमुळे कळपाची वाट अडते. मगरींचा गाजावाजा मोठा असला तरी बरेच वाइल्डबीस्ट बुडून व चेंगरून मरतात. संशोधकांच्या अंदाजाने मारा नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांच्या आसपास प्राणी बुडतात आणि त्यांवर गिधाडे, मारबू करकोचे व मासे पोसले जातात. उत्तरेत किमान तीन रात्री ठेवाव्यात. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे जुगार.

नोव्हेंबरमध्ये कळप पूर्वेकडील लोबोमार्गे पुन्हा दक्षिणेला निघतात.

सेरोनेरा

कोणत्याही महिन्यात जमेल असा भाग म्हणजे उद्यानाच्या मध्यावरचे सेरोनेरा. येथील सिंह, बिबटे, तरस स्थलांतर करत नाहीत. माळातून वर आलेल्या ग्रॅनाइटच्या खडकांवर सिंह पहुडलेले असतात. बिबट्या नदीकाठच्या बाभळीवर किंवा किगेलियावर शोधावा. लांब देठांना जड फळे लोंबणारे हे झाड मुंबई-पुण्याच्या बागांतही लावलेले आहे. सेरोनेराची अडचण गर्दीची. एका बिबट्याभोवती वीस-पंचवीस गाड्या, हे कोरड्या हंगामातले नेहमीचे दृश्य.

महाराष्ट्रातल्या सुट्ट्यांचा हिशेब

ताडोबाचा अनुभव असलेल्यांना मे महिना वन्यजीवांसाठी उत्तम वाटतो, कारण तेव्हा पाणवठे मोजकेच उरतात. सेरेंगेटीत तोच महिना पावसाचा. मुलांच्या सुट्टीमुळे दुसरा मार्ग नसेल तर मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा निवडून सेरोनेरा आणि पश्चिम पट्टा धरावा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तर; नोव्हेंबरात आली तर कळप वाटेवर असतात, तेव्हा सेरोनेराच बरे. नाताळात दक्षिण माळ चांगला असतो, पण दर चढलेले असतात आणि बरेच महिने आधी जागा धरावी लागते. काही शिबिरे कळपांबरोबर जागा बदलतात : हिवाळ्यात न्दुतू, पावसाळ्यात (आपल्या) कोगातेंदे. आरक्षण करताना त्या तारखेला शिबिर कुठे असेल, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

प्रवास व नियम

अरुशा शहराहून सेरोनेरा सुमारे ३३० किमी.; न्गोरोन्गोरोच्या कड्यावरून जाणाऱ्या रस्त्याने सात-आठ तास लागतात. वाटेत न्गोरोन्गोरोच्या विवरात एक दिवस देता येतो. तिथले बहुतेक प्राणी वर्षभर राहतात, त्यामुळे हा दिवस ऋतूवर अवलंबून नसतो. तारांगीरे या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाचे तसे नाही. तिथे हत्तींचे मोठे कळप कोरड्या महिन्यांतच नदीवर येतात. उत्तरेला जायचे तर लहान विमान सोयीचे. सामान १५ किलोपर्यंत आणि मऊ पिशवीत असावे लागते. उद्यानात अंधारात गाडी चालवता येत नाही, रस्ता सोडता येत नाही, आणि प्रवेशशुल्क २४ तासांच्या हिशेबाने लागते. फाटकावर पोहोचण्याची वेळ चुकली तर एका दिवसाचे पैसे वाढतात. जून ते ऑगस्टमध्ये पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे.

सेरेंगेटी आणि मसाई मारा नकाशात चिकटून दिसतात, तरी उद्यानातून सरळ पलीकडे जाण्याची वाट पर्यटकांना बंद आहे; पश्चिमेच्या इसेबानिया नाक्यावरून वळसा घालावा लागतो. मसाई मारात जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढाला दिवसाचे २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते, जानेवारी ते जून १०० डॉलर. केनियातून टांझानियात शिरताना आणि केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागितला जातो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.