जैवकोळसा (घरगुती कचऱ्यापासून)

वाळलेला सेंद्रिय पदार्थ हवेच्या अपुऱ्या पुरवठ्यात साधारणपणे ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवून, जमिनीत मिसळण्यासाठी तयार केलेला कोळसा. यालाच बायोचार म्हणतात. भातशेतीतील राबाशी त्याची गल्लत करू नये. राबात पालापाचोळा उघड्यावर जळतो आणि मुख्यतः राख उरते.

मूळ शोधताना अभ्यासक ॲमेझॉन खोऱ्यातील ‘टेरा प्रेटा’ या कोळसामिश्रित काळ्या मातीपाशी येतात. चार्ल्स हार्ट व हर्बर्ट स्मिथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्याकडे लक्ष वेधले. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोंब्रोक यांच्या १९६६ च्या ग्रंथाने अभ्यासाला चालना मिळाली. बहुतेक थर सुमारे अडीच हजार ते पाचशे वर्षांपूर्वीचे मानतात. स्थळपरत्वे हा काळ बराच मागेपुढे होतो. ही माती माणसाने मुद्दाम केली की आपोआप झाली, याविषयी एकमत नाही. २०२१ मध्ये नदीच्या गाळाला मोठे श्रेय देणारे मत मांडले गेले. तथापि थरांत कोळशाबरोबर खापरे आणि माशांची हाडे सापडतात. त्यामुळे आधी वस्तीचे उकिरडे आणि गुण कळल्यावर जाणीवपूर्वक जोपासना, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो.

प्रदूषित जमिनीतील शिसे, कॅडमियम, तांबे हे जड धातू जैवकोळशाने नष्ट होत नाहीत. ते जागीच बांधले जातात आणि पिकाच्या मुळांना कमी मिळतात. सच्छिद्र पृष्ठभागावरील अधिशोषण (पृष्ठभागाला चिकटणे), फॉस्फेट-कार्बोनेटांशी होणारे अवक्षेपण (न विरघळणारा साका बनणे) आणि मातीचा सामू (pH) वाढणे, ही त्याची मुख्य कारणे. यांपैकी तिसरे कारण नागपूरच्या जमिनीत फारसे उपयोगी नाही. इथली बेसाल्टजन्य भारी काळी जमीन मुळातच अल्कधर्मी असून तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. आम्लधर्मी जमिनींवरचे निष्कर्ष म्हणूनच इथे जसेच्या तसे लावू नयेत. आर्सेनिक तर सामू वाढल्यास उलट मोकळे होऊ शकते; जस्ताची कमतरता असलेल्या शेतात राखेचे प्रमाण जास्त असलेला कोळसा ती वाढवण्याची शक्यता आहे.

नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोत वर्षानुवर्षे साचलेल्या मिश्र कचऱ्यापासून शेतीयोग्य जैवकोळसा करू नये, हे स्पष्ट सांगायला हवे. बॅटरी व रंगांमधले बरेचसे धातू कोळशातच उरतात आणि वजन घटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. पीव्हीसी प्लास्टिकमधील क्लोरिनमुळे डायॉक्सिने ही विषारी संयुगे तयार होऊ शकतात. तापमान व धूर यांवर नियंत्रण नसेल, तर बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने ही अपुऱ्या ज्वलनातून बनणारी घातक संयुगेही कोळशात राहतात. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले. जैवकोळशासाठी ती पहिली अट आहे.

नागपुरी घरांत सहज मिळणारा कच्चा माल म्हणजे संत्र्याची साल. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चला येतात आणि पुढच्या कडक उन्हात साल लवकर कडकडीत वाळते. ओली साल तापवण्यात इंधन वाया जाते. लहान छिद्राच्या झाकणबंद डब्यात साल भरून डबा विस्तवात ठेवतात. छिद्रातून निघणारा वायू पेटतो. ती ज्योत विझली की कोळसा तयार झाला असे समजतात. डबा तसाच बंद ठेवून निववतात, कारण गरम कोळशाला हवा लागली तर त्याची राख होते. ताजा कोळसा मातीतील नत्र धरून ठेवतो, म्हणून आधी काही आठवडे शेणखतात मुरवून मगच तो कुंडीत किंवा वाफ्यात मिसळतात.